शाळेचे बालसंरक्षण धोरण अद्ययावत कसे ठेवावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील मुख्याध्यापक, संस्थाचालक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य आणि वसतिगृहांचे अधीक्षक बालसंरक्षण धोरणाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. तालुक्याच्या गावातील एका माध्यमिक शाळेत मुख्याध्यापक म्हणून काम करताना आणि निवृत्तीनंतर आसपासच्या शाळांची धोरणे वाचून देताना जे लक्षात आले, त्यावर ही उत्तरे आधारलेली आहेत. एखाद्या प्रत्यक्ष प्रकरणात कायद्याचा सल्ला हवा असेल, तर तो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून अवश्य घ्यावा.

आमच्या शाळेचे धोरण २०१८ मध्ये तयार झाले आहे. ते बदलण्याची खरोखरच गरज आहे का?

गरज आहे, आणि ती किती आहे हे धोरणाचे पहिले पान उघडताच दिसते. अशाच एका शाळेच्या कार्यालयात, मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे, लॅमिनेट करून लावलेले धोरण मी वाचले होते. अक्षरे सुबक होती आणि कागद स्वच्छ होता. परंतु त्यात विनयभंगासाठी भारतीय दंड संहितेचे कलम ३५४ दिलेले होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली असून त्या अपराधाचे कलम आता ७४ आहे. त्याच पानावर पॉक्सो कायद्याच्या २०१२ च्या नियमांचा उल्लेख होता; त्या नियमांची जागा मार्च २०२० मध्ये नव्या नियमांनी घेतली आहे. मूळ पॉक्सो अधिनियम, म्हणजे बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२, कायम आहे. मात्र त्यातही २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन अनेक शिक्षा वाढवण्यात आल्या. खाली संपर्कासाठी ज्या शिक्षिकेचे नाव होते, त्यांची बदली होऊन चार वर्षे झाली होती, आणि त्यांच्या नावापुढचा भ्रमणध्वनी क्रमांक लावून पाहिला तेव्हा तो बंद होता.

मला त्या बंद क्रमांकाची काळजी कलमांपेक्षा जास्त वाटली. चुकीचे कलम पोलीस ठाण्यात कोणीतरी दुरुस्त करील, पण मुलीने हिंमत करून लावलेला फोन लागला नाही, तर ती तो पुन्हा लावीलच असे नाही.

२०१८ नंतर बदललेल्या गोष्टी यांखेरीजही पुष्कळ आहेत. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने शाळा सुरक्षेबाबत व्यवस्थापनाची जबाबदारी निश्चित करणाऱ्या मार्गदर्शक सूचना ऑक्टोबर २०२१ मध्ये दिल्या. महाराष्ट्रात मार्च २०२२ मध्ये विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती आली. बदलापूर येथील शाळेत लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर २१ ऑगस्ट २०२४ रोजी शालेय शिक्षण विभागाने विद्यार्थी सुरक्षेबाबत सविस्तर शासन निर्णय काढला. त्याच प्रकरणाची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि न्यायमूर्ती साधना जाधव व न्यायमूर्ती शालिनी फणसळकर-जोशी या निवृत्त न्यायाधीशांच्या नेतृत्वाखाली समिती नेमली. त्या समितीच्या शिफारशींच्या अनुषंगाने मे २०२५ मध्ये आणखी एक शासन निर्णय आला. यांपैकी कशाचाही उल्लेख नसलेले धोरण शाळेत असेल, तर ते केवळ तपासणीच्या वेळी दाखवण्यापुरते उरले आहे, असे खेदाने म्हणावे लागते.

अधिनियम, नियम, शासन निर्णय, परिपत्रक आणि मार्गदर्शक सूचना यांत फरक काय? कशाला किती वजन द्यावे?

अधिनियम संसद किंवा विधिमंडळ करते आणि तो सर्वांवर बंधनकारक असतो. नियम त्या अधिनियमाखाली, राजपत्रात अधिसूचना काढून केले जातात आणि तेही बंधनकारक असतात. शासन निर्णय हा मंत्रालयातील विभागाचा आदेश असतो, तर परिपत्रकाने बहुधा आधीच्या निर्णयाची अंमलबजावणी कशी करावी ते सांगितले जाते किंवा त्याची आठवण करून दिली जाते. केंद्राच्या मार्गदर्शक सूचना राज्याने स्वीकारल्यावर त्यांना येथे धार येते. तथापि एखादी दुर्घटना घडल्यावर न्यायालय आणि पोलीस त्या सूचनांच्या मोजपट्टीनेच शाळेचे वर्तन तपासतात, म्हणून त्या केवळ सल्ला समजून बाजूला ठेवू नयेत. सर्वोच्च न्यायालयाने सर्व शाळांना उद्देशून दिलेले निर्देश कायद्याइतकेच बंधनकारक असतात, आणि नेमके हेच निर्देश शाळांच्या आवक नोंदवहीत सर्वांत उशिरा पोहोचतात.

आमची आश्रमशाळा आहे. शालेय शिक्षण विभागाचे निर्णय आम्हाला लागू होतात का?

हा प्रश्न खानदेशात फार महत्त्वाचा आहे, कारण नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावल अशी चार एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालये आपल्या तीन जिल्ह्यांत आहेत आणि सातपुड्याच्या पायथ्याची हजारो मुले निवासी शाळांत राहतात. शासकीय व अनुदानित आश्रमशाळांचे प्रशासन आदिवासी विकास विभागाकडे असते. विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या आश्रमशाळा इतर मागास बहुजन कल्याण विभागाकडे, तर समाजकल्याणची वसतिगृहे सामाजिक न्याय विभागाकडे येतात. त्यामुळे तिथे सूचना दोन वाटांनी येतात आणि दोन्ही वाटांवर लक्ष ठेवावे लागते.

पॉक्सो, बाल न्याय अधिनियम २०१५ आणि बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ हे कायदे शाळा कोणत्या विभागाची आहे हे पाहत नाहीत. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांत तर मुलांना निवासी ठेवणाऱ्या आणि मुलांशी नियमित संपर्क असणाऱ्या सर्वच संस्था धरलेल्या आहेत. शालेय शिक्षण विभागाचा एखादा निर्णय आपल्या विभागाने स्वतंत्रपणे काढला नसेल, तर प्रकल्प कार्यालयाला लेखी विचारावे आणि उत्तर येईपर्यंत, दोन तरतुदींपैकी मुलाला जास्त संरक्षण देणारी तरतूद पाळावी. मुलाला जास्त सुरक्षित ठेवले म्हणून कोणा अधीक्षकाला जाब विचारल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले परिपत्रक ग्राह्य धरावे का?

सूचना म्हणून धरावे, पुरावा म्हणून धरू नये. गटावर येणाऱ्या प्रतीची पहिली पाने बहुधा गळालेली असतात, कधी ती वर्षभरापूर्वीची असते, तर कधी दुसऱ्याच राज्याची असते. महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयावर संगणक सांकेतांक असतो आणि त्याचे सुरुवातीचे आकडे साधारणपणे वर्ष, महिना व दिवस दर्शवतात. तो सांकेतांक शासन निर्णयांच्या अधिकृत संकेतस्थळावर टाकून मूळ प्रत उतरवून घ्यावी आणि तीच धारिकेत लावावी. अधिकृत प्रत मिळेना तर केंद्रप्रमुखांना किंवा गटशिक्षणाधिकारी कार्यालयाला विचारावे, आणि विचारले त्या दिवसाची नोंद करून ठेवावी.

नवा निर्णय आला म्हणजे जुना आपोआप रद्द होतो का?

होत नाही, आणि धोरणांत सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. नव्या निर्णयाच्या सुरुवातीला संदर्भांची यादी असते. त्यांपैकी एखादा निर्णय 'अधिक्रमित करण्यात येत आहे' असे शब्द असतील, तरच तो गेला असे समजावे. तसे शब्द नसतील तर जुना निर्णय जिवंत असतो आणि नव्याबरोबर जोडून वाचायचा असतो. ऑगस्ट २०२४ चा निर्णय आल्यावर काही शाळांनी २०२२ ची सखी सावित्री समितीची पाने धारिकेतून काढून टाकली. वस्तुतः नव्या निर्णयाने ती समिती स्थापन करण्यावर उलट अधिक भर दिला होता. शुद्धिपत्रकाकडे कोणी लक्ष देत नाही, पण एका शब्दाच्या शुद्धिपत्रकाने मुदत किंवा अधिकारी बदललेला असू शकतो.

धोरणाचा आढावा वर्षातून किती वेळा घ्यावा?

एकदा ठरवून, आणि शिवाय कारण घडेल तेव्हा प्रत्येक वेळी. ठरवून घ्यायच्या आढाव्यासाठी जूनचा पहिला पंधरवडा योग्य असतो, कारण शाळा उघडण्यापूर्वी बदल्या, नव्या नेमणुका आणि वाहनांचे करार यांची माहिती हाती आलेली असते. नवा कायदा, शासन निर्णय किंवा न्यायालयाचा निर्देश, शाळेत घडलेली एखादी घटना, जबाबदार शिक्षकाची बदली किंवा निवृत्ती, वसतिगृह किंवा नवी बस सुरू होणे ही मध्येच आढावा घेण्याची कारणे होत.

हे काम हलके करण्याचा एक उपाय मी आग्रहाने सुचवतो. धोरणाचे दोन भाग करावेत. मूळ भागात शाळेची भूमिका, मुलांचे हक्क आणि तक्रारीची वाट असावी. हा भाग क्वचितच बदलतो. परिशिष्टात नावे, दूरध्वनी क्रमांक, कलमे, समित्यांचे सदस्य आणि संदर्भाधीन शासन निर्णयांची यादी असावी. हा भाग एका पानाचा ठेवावा आणि त्यावर ठळक तारीख टाकावी. असे केले की एका शिक्षिकेची बदली झाली म्हणून चाळीस पानांचे धोरण पुन्हा मंजूर करावे लागत नाही, आणि ते करावे लागते म्हणून बदल टाळलाही जात नाही.

त्यासोबत एक साधी बदल नोंदवही असावी. कोणती सूचना कधी मिळाली, ती कोणी वाचली, धोरणाचा कोणता परिच्छेद बदलला, बदल कोणाला समजावून सांगितला आणि त्याच्या सह्या, एवढे पाच रकाने पुरतात. शेवटचा रकाना रिकामा असेल, तर बदल झालाच नाही असे समजावे. रात्रपाळीचा पहारेकरी, खिचडी शिजवणाऱ्या ताई आणि बसचा क्लीनर यांना जे माहीत नाही, ते धोरणात असले काय आणि नसले काय, मुलाच्या दृष्टीने सारखेच.

हे काम कोणी करावे? मुख्याध्यापकांवर आधीच पुष्कळ कामे आहेत.

अंतिम जबाबदारी मुख्याध्यापक आणि संस्था यांचीच राहते, ती कोणाकडे सोपवता येत नाही. परंतु वाचन, नोंदी आणि पाठपुरावा यांसाठी एक शिक्षक आणि त्याच्या गैरहजेरीत काम पाहणारा दुसरा असे दोघे लेखी आदेशाने नेमावेत. त्या दोघांपैकी एक महिला असावी. बदललेला मसुदा शाळा व्यवस्थापन समितीसमोर ठेवून इतिवृत्तात नोंदवावा. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत किमान पंचाहत्तर टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात, आणि त्यांनी वाचलेल्या धोरणातील त्रुटी कार्यालयात बसून दिसत नाहीत. एका बैठकीत एका आईने विचारले होते की, तक्रारपेटी कार्यालयाच्या दाराशीच का आहे. मुलगी चिठ्ठी टाकताना सगळे पाहणारच. पेटी दुसऱ्याच दिवशी मुलींच्या स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या वळणावर हलवली गेली.

सखी सावित्री समिती आणि अंतर्गत समिती या दोन्हींची एकच समिती करता येईल का?

करता येणार नाही, कारण त्यांचे आधार वेगळे आहेत. अंतर्गत समिती ही कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखण्यासाठीच्या २०१३ च्या अधिनियमाखाली, दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी बंधनकारक आहे. तिच्यात बाहेरची एक सदस्य लागते आणि सदस्यांची मुदत तीन वर्षांपेक्षा जास्त नसते. ही मुदत संपल्याचे अनेक शाळांच्या लक्षातच येत नाही, म्हणून ती तारीख परिशिष्टात लिहावी. सखी सावित्री समिती विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी असून ती शाळा, केंद्र आणि तालुका अशा स्तरांवर आहे. एप्रिल २०२५ मध्ये शाळास्तरावरील अनेक समित्यांचे एकत्रीकरण करण्यात आले, तेव्हाही या दोन स्वतंत्रच राहिल्या. जुन्या धोरणात रद्द झालेल्या किंवा विलीन झालेल्या समित्यांची नावे राहिली असतील, तर ती काढून टाकावीत.

समितीपेक्षा महत्त्वाची गोष्ट पुढच्या प्रश्नात आहे.

मुलाने किंवा मुलीने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितले, तर शाळेने आधी समितीमार्फत चौकशी करून खात्री करून घ्यावी का?

नाही. जुन्या धोरणांत 'समिती सात दिवसांत चौकशी करून अहवाल देईल व आवश्यक वाटल्यास पोलिसांना कळवील' अशा अर्थाचे वाक्य हमखास सापडते. धोरणातून एकच वाक्य आजच्या आज काढायचे असेल, तर ते हे आहे.

पॉक्सो अधिनियमाच्या कलम १९ नुसार, असा अपराध झाला आहे किंवा होण्याची शक्यता आहे असे ज्याला कळते, त्या कोणत्याही व्यक्तीने ते विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. यासाठी मुख्याध्यापकांची परवानगी, संस्थेचा ठराव किंवा पालकांची संमती लागत नाही. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि आपल्या हाताखालील व्यक्तीने केलेला अपराध न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद व दंड अशी तरतूद आहे. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर मात्र दिवाणी किंवा फौजदारी दायित्व येत नाही, हेही कलम १९ मध्येच आहे आणि ते धोरणात मोठ्या अक्षरांत लिहावे, कारण आपल्याकडे शिक्षकांना सर्वांत जास्त भीती 'उद्या आरोप खोटा निघाला तर माझ्यावर येईल' याचीच असते.

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील निवासी शाळेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये, माहिती तातडीने कळवणे किती आवश्यक आहे आणि ती दडवणे किती गंभीर आहे, हे स्पष्ट केले. आश्रमशाळांच्या अधीक्षकांनी तो निकाल मुळातून वाचावा.

येथे चोवीस तासांबद्दलचा एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयात घटना चोवीस तासांच्या आत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवण्यास सांगितले आहे. पॉक्सोमध्येही चोवीस तासांचा उल्लेख आहे, पण तो पोलिसांनी बाल कल्याण समिती आणि विशेष न्यायालय यांना कळवण्याबाबत आहे. या दोन्हींवरून अनेक मुख्याध्यापक असे समजतात की पोलिसांकडे जायला शाळेला एक दिवस मिळतो. कायदा शिक्षकाला असा दिवस देत नाही. आधी पोलिसांना कळवायचे, त्यानंतर शिक्षणाधिकाऱ्यांना अहवाल पाठवायचा, हा क्रम धोरणात लिहून ठेवावा.

मग शाळेने मुलाशी काय बोलावे? त्याने जे सांगितले ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळेसह लिहावे. खोदून विचारू नये, त्याच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नये, आरोपीसमोर उभे करू नये आणि 'हे कोणाला सांगणार नाही' असे वचन देऊ नये. मूल ज्या भाषेत सांगते त्या भाषेत लिहावे. नोंद घेण्याची भाषा मुलाला समजत नसेल तर दुभाषी देण्याची तरतूद कलम १९ मध्येच आहे. अक्कलकुवा-धडगावच्या पावरी बोलणाऱ्या मुलांसाठी तिचा आग्रह धरावा. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो किमान उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावा, असे कलम २४ सांगते. शाळेच्या पटांगणात पोलिसांची गाडी येऊन सर्व वर्ग खिडक्यांशी गोळा झालेले मी पाहिले आहेत. त्या मुलीने त्यानंतर शाळा सोडली. धोरणात ही दोन कलमे असती आणि आम्ही पोलीस ठाण्याला तशी विनंती केली असती, तर ते टळले असते, याची टोचणी मला आजही आहे.

शारीरिक शिक्षेबाबत धोरणात वेगळे लिहावे लागते का?

लिहावेच लागते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. 'सौम्य शिक्षा', 'शिस्तीपुरती शिक्षा' असे शब्द जुन्या मसुद्यांत असतील तर ते काढावेत. उठाबशा आणि उन्हात उभे करणे यांचा स्पष्ट उल्लेख करावा. जळगाव-भुसावळचा एप्रिलचा पारा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना उन्हात उभे करणे ही किरकोळ गोष्ट वाटू नये.

चारित्र्य पडताळणी कोणाची करायची आणि किती वेळा?

पॉक्सोच्या २०२० च्या नियमांनुसार मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येकाची, मग तो शिक्षक असो वा शिक्षकेतर, कायम असो वा कंत्राटी, पोलीस पडताळणी ठरावीक कालावधीने करायची आहे. 'नेमणुकीच्या वेळी' एवढेच लिहिलेले धोरण म्हणूनच अपुरे ठरते. राज्याच्या निर्णयांचाही यावर भर आहे.

प्रत्यक्षात यादीतून सुटतात ती माणसे ठरलेली असतात: तासिका तत्त्वावरील शिक्षक, पोषण आहाराचे स्वयंपाकी व मदतनीस, बदली चालक, संगणक दुरुस्तीला येणारा मुलगा, कबड्डी शिकवायला संध्याकाळी येणारा माजी विद्यार्थी, वसतिगृहाला दूध घालणारा. त्यांतील ज्यांचा संपर्क नियमित आहे त्यांची पडताळणी करावी आणि ज्यांचा तुरळक आहे ते मुलांसोबत एकटे राहणार नाहीत असा नियम करावा. बसच्या बाबतीत महाराष्ट्राचे २०११ चे स्कूल बस नियम आणि शाळेची परिवहन समिती यांचा उल्लेख धोरणात हवा. पालकांनी परस्पर ठरवलेल्या रिक्षा आणि काळी-पिवळी शाळेच्या नाहीत हे खरे, तरी त्यांच्या क्रमांकांची व चालकांची यादी शाळेकडे असावी.

सीसीटीव्ही बसवले की पुरे होते का?

होत नाही. ऑगस्ट २०२४ च्या निर्णयाने कॅमेरे अनिवार्य केले आणि चित्रण नियमितपणे तपासण्याची जबाबदारीही दिली. कोण तपासते, चित्रण किती दिवस राहते, वीज गेल्यावर काय होते आणि चित्रण कोणाला देता येते, हे चार मुद्दे धोरणात नसतील तर कॅमेरा भिंतीवरची शोभा ठरतो. भारनियमनाच्या गावांत बॅटरीची सोय तपासावी.

हंगामी स्थलांतर आणि बालविवाह यांचा शाळेच्या धोरणाशी काय संबंध?

खानदेशात अगदी थेट संबंध आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी आणि गुजरातेत कामासाठी कुटुंबे निघतात. चाळीसगाव, साक्री, नवापूरकडच्या शाळांचे वर्ग विरळ होतात, आणि नातेवाइकांकडे मागे राहिलेली मुले सर्वांत असुरक्षित असतात. सलग किती दिवसांच्या गैरहजेरीनंतर कोण घरी जाऊन चौकशी करील, हे धोरणात नावानिशी लिहावे.

आठवी-नववीतील मुलगी अचानक यायची थांबली आणि घरी मंडपाची तयारी दिसली, तर ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंध अधिकारी म्हणून ग्रामसेवकाला कळवायचे असते. या पदाचे नाव २०२४ मध्ये ग्रामपंचायत अधिकारी असे झाले. परिशिष्टात दोन्ही नावे लिहिली म्हणजे वाचणाऱ्याचा गोंधळ होणार नाही. १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावरही कळवता येते. हा क्रमांक तोच राहिला असला, तरी त्यामागची व्यवस्था २०२३ पासून केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेखाली आणून ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडण्यात आली आहे, म्हणून जुन्या धोरणातील स्वयंसेवी संस्थेच्या स्थानिक कार्यालयाचा पत्ता वगळून जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा पत्ता घालावा.

मोबाईल, छायाचित्रे आणि मुलांची माहिती यांबद्दल काय बदलले आहे?

दोन गोष्टी विशेष महत्त्वाच्या आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रे किंवा चित्रफिती पाहणे आणि साठवणे यांबाबत कठोर निकाल दिला आणि अशा सामग्रीला 'पोर्नोग्राफी' न म्हणता शोषण व अत्याचाराची सामग्री म्हणावे असे सुचवले. धोरणातील शब्द त्याप्रमाणे बदलावेत. त्याहून निकडीचे म्हणजे, अशी एखादी चित्रफीत शाळेत फिरते आहे असे कळल्यावर 'पुरावा म्हणून' ती शिक्षकांच्या गटावर टाकण्याची चूक कोणीही करू नये. ज्या मोबाईलमध्ये ती आढळली तो तसाच ठेवून पोलिसांना कळवावे.

दुसरी गोष्ट, वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण अधिनियम २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार आहे. त्यानुसार अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती हा मूळ नियम आहे. प्रवेश अर्जातच 'छायाचित्र वापरण्यास संमती' असा स्वतंत्र, नाकारता येण्यासारखा रकाना आतापासून ठेवावा.

मानसिक आरोग्याचा समावेश करणे बंधनकारक आहे का?

जुलै २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर तसेच समजावे. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने समुपदेशक नेमावा, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावे, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण वर्षातून किमान दोनदा व्हावे, आणि टेलि-मानस या मानसिक आरोग्य साहाय्यसेवेचा १४४१६ यांसारखे क्रमांक ठळकपणे लावावेत, असे त्यांत आहे. गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत, असेही म्हटले आहे. 'अ' तुकडी हुशार आणि 'ड' तुकडी ढ, ही आपल्या शाळांची जुनी सवय आहे, आणि ती मोडायला धोरणातील एक ओळ पुरणार नाही. तुकड्यांची यादी बदलावी लागेल.

इमारत, अग्निसुरक्षा, भटकी कुत्री हे विषय बालसंरक्षण धोरणात घ्यावेत का?

स्वतंत्र शाळा सुरक्षा आराखडा असेल तर धोरणात त्याचा संदर्भ पुरे. राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात जुलै २०२५ मध्ये शाळेचे छत कोसळून मुले दगावली, त्यानंतर केंद्राने सर्व शाळांच्या सुरक्षा तपासणीच्या सूचना दिल्या; नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक संस्थांचे आवार भटक्या कुत्र्यांपासून सुरक्षित करण्यास सांगितले. तपासणीची तारीख परिशिष्टात असावी.

तयार नमुना धोरण घेऊन त्यावर शाळेचे नाव टाकले तर चालेल का?

नमुना वाचायला हरकत नाही. परंतु एका शाळेच्या धोरणात 'लोकल रेल्वेने ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी' असा पूर्ण परिच्छेद होता आणि ती शाळा तापीकाठच्या केळीच्या पट्ट्यात होती. जवळचे पोलीस ठाणे किती किलोमीटरवर आहे, पावसाळ्यात कोणता नाला ओलांडावा लागतो, वसतिगृहात रात्री महिला अधीक्षक असते का, या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही नमुन्यात सापडणार नाहीत.

धोरण बदलले हे मुलांना कसे सांगावे?

त्यांच्या भाषेत, तोंडी आणि वर्गवार सांगावे. पहिली-दुसरीच्या मुलांना कलम नको असते; आपले शरीर आपले आहे, कोणी नकोसा स्पर्श केला तर ओरडायचे, पळायचे आणि सांगायचे, आणि सांगण्याजोगी माणसे शाळेत अमुक दोन आहेत, एवढे त्यांना कळले पाहिजे. ती दोन माणसे प्रत्यक्ष वर्गात जाऊन उभी राहावीत, म्हणजे नावाला चेहरा मिळतो. सांगण्याजोगी माणसे बदलली तर त्याच आठवड्यात नवी माणसे वर्गात जावीत.

अमळनेर, पारोळा, शिंदखेडा भागात घरची भाषा अहिराणी आहे, आणि 'काय व्हयनं?' असे विचारल्यावर जी मुलगी बोलते, ती 'तुझी काही तक्रार आहे का?' या प्रश्नाला मान खाली घालून उभी राहते. एका शिक्षिकेने धोरणाचा मुलांसाठीचा भाग अहिराणीत लिहून परिपाठात वाचला. त्या दुपारी तक्रारपेटीत तीन चिठ्ठ्या निघाल्या. दोन पाण्याच्या टाकीबद्दल होत्या. तिसरी त्यांनी दुमडून पर्समध्ये ठेवली आणि दुसरा तास सोडून त्या थेट पोलीस ठाण्यात गेल्या.